डॉल्फिनची गॅरंटी कशाला मागता?

सेमिस्टर संपत आलंय, दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झालेत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टूरवाल्यांची पीडीएफ येऊन पडलीये. दुबई, पाच रात्री, सहा दिवस. बुर्ज खलिफा, वाळवंटातली सफारी, क्रूझवरचं जेवण वगैरे वगैरे. आणि चौथ्या दिवसाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ : ‘स्विम विथ डॉल्फिन्स (ऑप्शनल)’.

आता ही पीडीएफ शेवटपर्यंत वाचणार कोण? अर्थात तुम्ही! पैसे आईबाबा भरतात, पण वेबसाइट उघडणं, रिव्ह्यू वाचणं, फॉर्म भरणं, ओटीपी टाकणं ही सगळी खाती घरात तुमच्याकडे असतात. त्यामुळे बाबा विचारतात, ‘‘काय रे, हे डॉल्फिनचं घ्यायचं का?’’ धाकटी आधीच सोफ्यावर उड्या मारतेय. आजी म्हणते, ‘‘घ्या की, एकदाच तर जातोय.’’ आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

माझं म्हणणं सरळ आहे. तिथे टिक करू नका. दुबई असो, बाली असो, मेक्सिको असो, टाकीतल्या डॉल्फिनबरोबर पोहायचं तिकीट काढू नका. का, ते सांगते. आणि घरच्यांचा मूड न घालवता ‘नको’ कसं म्हणायचं, तेही सांगते. कारण खरा अवघड पेपर तोच आहे.

तो हसत नसतो

आधी हे मान्य करू, की मोह होणारच. निळं पाणी, गुळगुळीत राखाडी अंग, गालाला गाल लावून काढलेला फोटो. आणि तो कसा हसतोय बघा!

तर तो हसत नसतो. डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते. आपल्यासारखे चेहऱ्यावरचे भाव बदलणारे स्नायू त्याच्याकडे नाहीत. तो आजारी असला, घाबरला, उपाशी असला, तरी तोंड तसंच दिसतं. मेलेल्या डॉल्फिनचा चेहराही ‘हसराच’ असतो. या एका गैरसमजावर कितीतरी तिकिटं खपतात.

आता तिथे नेमकं काय होतं ते बघा. तुम्हाला लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात रांगेत उभं करतात. ट्रेनर हाताने खूण करतो. डॉल्फिन येतो, गालाला तोंड लावतो, पोटावर हात फिरवू देतो, पर धरून तुम्हाला थोडं ओढत नेतो. ट्रेनर शिट्टी वाजवतो आणि त्याच्या तोंडात मासा टाकतो. मग पुढचा माणूस. मग पुढची बॅच. बाहेर पडताना फोटोंचे पैसे वेगळे.

ती शिट्टी म्हणजे ‘बरोबर केलंस, आता मासा मिळेल’ हा निरोप. तुम्हाला वाटतं त्याने तुम्हाला पापी दिली. त्याच्या हिशेबात ती माशाची मजुरी असते. आणि मासाही कसला? बर्फातून काढलेला, मेलेला. समुद्रात डॉल्फिन जिवंत मासा स्वतः पकडून खातो. पकडून आणलेल्या डॉल्फिनला मेलेला मासा खायला आधी शिकवावं लागतं. शिवाय त्याला लागणारं पाणीही मुख्यतः माशांतूनच मिळतं. म्हणजे जेवण आणि पाणी दोन्ही ट्रेनरच्या बादलीत. अशा परिस्थितीत कोणीही गालाला गाल लावेल!

त्यालाही नाव असतं

तुम्ही म्हणाल, कुत्र्यालाही बिस्किट देऊन शेकहँड करायला शिकवतोच की आपण. बरोबर. पण कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या दारात वाढलाय. डॉल्फिन काल-परवापर्यंत समुद्रात होता आणि त्याचं सगळं शरीर, सगळी बुद्धी समुद्रासाठी घडलीये.

बॉटलनोज डॉल्फिन, म्हणजे शोमध्ये बहुतेक वेळा दिसणारी जात, टोळीने राहतात. पिल्लू तीन ते सहा वर्षं आईला सोडत नाही. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक खास शीळ असते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की स्वतःच्या शिळेची नक्कल ऐकवली की डॉल्फिन उत्तर देतो. म्हणजे आपण हाक मारल्यावर ‘ओ’ देतो तसंच. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात असं आढळलं, की वीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या सोबत्याची शीळ डॉल्फिन ओळखतात. आपल्याला शाळेतल्या बाकावरच्या पोराचं आडनाव आठवत नाही! २००१ मध्ये तर अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञ महिलांनी प्रयोग करून दाखवलं, की आरशात दिसतोय तो आपणच, हे डॉल्फिनला कळतं.

आणखी एक गोष्ट. आपण झोपेतही आपोआप श्वास घेतो. डॉल्फिनला प्रत्येक श्वास ठरवून, पाण्याच्या वर येऊन घ्यावा लागतो. म्हणून त्याचा मेंदू अर्धा अर्धा झोपतो. एक बाजू झोपते तेव्हा दुसरी जागी असते.

असा प्राणी काही मीटर खोल टाकीत, क्लोरीनच्या पाण्यात, दिवसातून चार बॅचेसना पाप्या देत आयुष्य काढतो. तुमचा आणि त्याचा संबंध वीस-तीस मिनिटांचा. त्याची शिफ्ट संपत नाही.

टाकीत येतो कुठून?

ऑक्टोबर २००७ मध्ये पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवरून २८ डॉल्फिन विमानात घालून दुबईला आणले गेले. एका बड्या रिसॉर्टसाठी. समुद्रात पकडलेले. जगभरातून आरडाओरडा झाला, पण तोवर ते पोचले होते. जपानच्या वाकायामा प्रांतात ताइजी नावाचं गाव आहे. तिथे दरवर्षी मोसमात बोटींतून लोखंडी दांड्यांवर ठोकून आवाज करतात, डॉल्फिनच्या टोळ्या एका खाडीत हाकलत आणतात. त्यातले देखणे, तरुण डॉल्फिन मत्स्यालयांसाठी निवडले जातात; बाकीच्यांतल्या अनेकांना मांसासाठी मारतात. यावरच्या ‘द कोव्ह’ या माहितीपटाला २०१० मध्ये ऑस्कर मिळालं. घरच्यांबरोबर बघायची हिंमत असेल तर जरूर बघा.

त्या माहितीपटात एक माणूस भेटतो, रिक ओ’बॅरी. साठच्या दशकात अमेरिकेत ‘फ्लिपर’ नावाची टीव्ही मालिका गाजली. घराघरांतल्या पोरांना डॉल्फिनचं वेड लागलं ते तिच्यामुळे. तिच्यातल्या डॉल्फिनना शिकवणारा हाच माणूस. १९७० मध्ये मालिकेतली मुख्य डॉल्फिन, कॅथी, त्याच्या हातात मेली. तिने श्वास घेणंच थांबवलं, असं तो सांगत आलाय. त्यानंतर काही दिवसांतच तो बहामात एका डॉल्फिनला जाळीतून सोडवायला गेला आणि पकडला गेला. पुढचं सगळं आयुष्य त्याने या धंद्याविरुद्ध घालवलं. हा धंदा आतून बघितलेल्या माणसाने असं करावं, यातच सगळं आलं.

आता गंमत बघा. जी गोष्ट करायला आपण पासपोर्ट घेऊन बाहेर जातो, ती आपल्याच देशात करता येत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चेन्नईजवळ डॉल्फिनचा शो सुरू करण्यासाठी परदेशातून डॉल्फिन आणले होते. ते काही महिन्यांतच मेले. पुढे मुंबई, कोची, दिल्लीच्या आसपास असे पार्क काढायचे बेत सुरू झाले, तेव्हा प्राणीप्रेमी संस्थांनी आवाज उठवला आणि मे २०१३ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की डॉल्फिनेरियमला परवानगी द्यायची नाही. ‘भारताने डॉल्फिनला व्यक्तीचा दर्जा दिला’ अशी पोस्ट अधूनमधून फिरत असते, ती तेवढी खरी नाही. डॉल्फिनची बुद्धी बघता त्यांना ‘मानवेतर व्यक्ती’ मानायला हवं असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, एवढाच उल्लेख त्या परिपत्रकात आहे. पण करमणुकीसाठी त्यांना कोंडणं नैतिकदृष्ट्या चूक आहे, ही भूमिका मात्र त्यात स्पष्ट आहे. तेव्हा आपल्याकडे जे चूक आहे, ते साडेतीन तासांच्या फ्लाइटनंतर बरोबर कसं होतं?

‘पण’ची यादी

‘‘पण हे तिथेच जन्मलेत, यांना समुद्र माहीतच नाही.’’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. काही डॉल्फिन खरंच टाकीत जन्मलेले असतात आणि त्यांना उद्या थेट समुद्रात सोडता येणार नाही, हेही खरं. पण तुमचं तिकीट त्यांच्या म्हातारपणाच्या सोयीसाठी नसतं. ते पुढचं पिल्लू जन्माला घालण्यासाठी असतं. मागणी आहे म्हणून प्रजनन आहे.

‘‘पण लहान मुलांना प्राण्यांबद्दल प्रेम वाटायला लागतं.’’ वाटतं ना. पण मूल नेमकं काय शिकतं? की पैसे दिले की जनावर आपल्याला पापी देतं. मुलांना डायनासोरचंही वेड असतं. त्यासाठी कुठला डायनासोर टाकीत कोंडावा लागला नाही.

‘‘पण आपण चौघं नाही गेलो तर काय फरक पडणार?’’ या प्रश्नात थोडा दम आहे. एका कुटुंबाने काही बंद पडत नाही. पण अशा अनेक कुटुंबांच्या ‘नको’ची बेरीज होते. २०१९ मध्ये कॅनडाने डॉल्फिन आणि देवमासे नव्याने कैदेत ठेवायला आणि त्यांचं प्रजनन करायला बंदी घातली. त्याच वर्षी ट्रिपॲडव्हायझरने अशा पार्कची तिकिटं विकणं बंद करायचं ठरवलं. डॉल्फिनबरोबर पोहण्याच्या धंद्याचं माहेरघर म्हणजे मेक्सिको. तिथेही २०२५ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या शोवर बंदी घालणारा कायदा झाला. सरकारं आणि कंपन्या एका सकाळी उठून दयाळू होत नाहीत. गिऱ्हाईक विचारायला लागलं, की त्या हलतात.

मग समुद्रात पोहू?

इथे हुशार वाचक म्हणेल, ठीक आहे, टाकी नको. मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनबरोबर पोहू. तिथे कोणी कोंडलेलं नाही, कोणी मासा दाखवत नाही. झाला की प्रश्न मिटला!

नाही मिटला. हवाई बेटांजवळ स्पिनर डॉल्फिन असतात. ते रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा किनाऱ्याजवळच्या उथळ खाड्यांमध्ये विश्रांती घेतात. पर्यटकांच्या बोटी येतात नेमक्या दिवसा. म्हणजे नाइट शिफ्ट करून झोपलेल्या माणसाच्या खोलीत दर तासाला नवे पाहुणे सोडायचे! २०२१ मध्ये अमेरिकन सरकारने नियम केला, की हवाईच्या किनाऱ्यालगत या डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या, म्हणजे साधारण ४५ मीटरच्या आत कोणी जायचं नाही, पोहायचं तर मुळीच नाही. न्यूझीलंडच्या ‘बे ऑफ आयलंड्स’मध्ये २०१९ मध्ये बॉटलनोज डॉल्फिनबरोबर पोहण्यावर बंदी आली. १९९९ पासून तिथली डॉल्फिनची संख्या ६६ टक्क्यांनी घटली, असं तिथल्या सरकारी खात्याने तेव्हा सांगितलं होतं. माणसं त्यांच्याभोवती एवढी घुटमळत होती, की त्यांना खायला, झोपायला आणि पिल्लांना पाजायला पुरेसा वेळ मिळेना.

तिथे कोणी वाईट नव्हतं. सगळे डॉल्फिनवर प्रेम करणारेच होते. फक्त सगळ्यांना ते प्रेम आजच, याच फेरीत, हात लावून करायचं होतं.

गॅरंटीचा घोळ

आता आपल्या घराजवळ या. दापोली-हर्णै, मालवण-तारकर्ली, गोव्याचा किनारा. इथे दिसतो तो हिंदी महासागरातला हंपबॅक डॉल्फिन. कोकणात काही ठिकाणी मच्छीमार डॉल्फिनला ‘गादा’ म्हणतात. हा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो, म्हणून पहाटेच्या बोटीतून सहज दिसतो. आणि म्हणूनच बोटी, जाळी, सांडपाणी या सगळ्याच्या तावडीत तोच आधी सापडतो. जागतिक यादीत ही जात ‘धोक्यात’ या वर्गात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यानेही त्याला वाघाच्या बरोबरीने, पहिल्या अनुसूचीत ठेवलंय.

गोव्यात अशा फेऱ्यांच्या पाट्यांवर एक वाक्य असतं, ‘नो डॉल्फिन, नो पे’. दिसला नाही तर पैसे नाहीत. गिऱ्हाइकाला वाटतं, वा, काय प्रामाणिक माणूस! पण जरा बोटवाल्याच्या जागी उभं राहा. डिझेल जाळून झालंय, बोटीत दहा माणसं मोबाइल सरसावून बसलीयेत आणि डॉल्फिन दिसला नाही तर आजची कमाई शून्य. मग पंख दिसला की तो इंजिन वाढवून मागे लागणारच. शेजारच्या चार बोटीही लागणार. डॉल्फिन पिल्लाला घेऊन बुडी मारणार, पुढे वर येणार, की पुन्हा बोटी हजर.

आपण मागितलेली गॅरंटी अशी त्या प्राण्याच्या अंगावर जाते. आणि हीच गॅरंटी शेवटपर्यंत नेली की तिची टाकी होते. जिथे डॉल्फिन दिसणारच, हात लावू देणारच, फोटोत येणारच, सकाळी अकराच्या बॅचलाही आणि दुपारी तीनच्या बॅचलाही. माझ्या मते दुबईची टाकी आणि गोव्याची पाटी यांत फरक आहे तो फक्त किती ताणलं याचा.

म्हणून कोकणात जरूर जा, पण सौदा बदला. बोटीत बसण्याआधी सांगा, ‘‘काका, दिसले नाहीत तरी पूर्ण पैसे देऊ. फक्त मागे लावू नका. लांब थांबू, इंजिन हळू ठेवा.’’ या एका वाक्याने त्यांची कमाईही सुटते आणि डॉल्फिनही. बहुतेक बोटवाले मूळचे मच्छीमार आहेत. समुद्र त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. घाई त्यांना नसते, ती आपण बोटीत घेऊन चढतो. आणि शांत बसलात तर कधी कधी डॉल्फिन स्वतःहून बोटीच्या जवळून जातो. आला तर आला. नाही आला तर सूर्य उगवताना बघितलात, तेही काही कमी नाही.

आता घरी कसं सांगायचं?

अवघड पेपर इथून सुरू होतो. आईबाबांनी या सहलीसाठी किती वर्षं पैसे बाजूला टाकलेत ते तुम्हाला माहीत आहे. कदाचित आईचा हा पहिलाच परदेश प्रवास असेल. तिला तुमच्या पोरकट आनंदाचे फोटो हवेत आणि त्यात काहीही चूक नाही. अशा वेळी तुम्ही ‘‘तुम्हाला काही कळतच नाही’’ या सुरात भाषण ठोकलंत, तर दोन गोष्टी होतील. सहलीची चव जाईल आणि डॉल्फिनचं तिकीटही निघेल, मुद्दाम!

तेव्हा पहिली गोष्ट, बुकिंगच्या आधी बोला. टाकीच्या काठावर, ओल्या कपड्यांत, धाकटीचा चेहरा पडलेला असताना तत्त्वं काढू नका. दुसरी, माहिती सांगा, दोष देऊ नका. आईला पिल्लाची गोष्ट सांगा, ते किती वर्षं आईजवळ असतं, शिळेने आईला कसं ओळखतं. आकडेवारी बाबांसाठी ठेवा. तिसरी, धाकटीला कमी समजू नका. लहान मुलांना ‘तो हसत नसतो’ हे मोठ्यांपेक्षा लवकर पटतं. आणि एकदा पटलं, की घरात तुमच्यापेक्षा तीच जास्त भांडेल.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, ‘नको’बरोबर ‘मग हे’ घेऊन जा. दुबईतच रास अल खोर नावाचं पाणथळ अभयारण्य आहे. ऐरोली-शिवडीला येतात तसे फ्लेमिंगो तिथे हिवाळ्यात थव्याने असतात. मागे उंच इमारती, पुढे गुलाबी पक्षी. फोटो हवेत ना, घ्या! किंवा वाचलेले पैसे बाजूला ठेवून तारकर्लीचा बेत आखा, आजीला बरोबर घेऊन.

आणि समजा, सगळं करूनही घरचे नाहीच म्हणाले, तिकीट निघालंच, तर? तर तुम्ही पाण्यात उतरू नका. तमाशा न करता. ‘‘तुम्ही जा, मी बॅगा सांभाळते,’’ म्हणायचं आणि बाहेर बसायचं. परत आल्यावर कोणीतरी विचारेलच, ‘‘का गं, तू का नाही आलीस?’’ तेव्हा सांगा. त्या वेळी ते ऐकलं जाईल. माणसं वादात ऐकत नाहीत, पण आपल्यातल्या कोणी काहीतरी सोडलंय हे दिसलं, की विचारतात.

डॉल्फिन तुमच्या सुट्टीत यावा असं वाटणं काही गुन्हा नाही. त्याला यायचं की नाही, एवढं मात्र त्याचं त्याला ठरवू द्या.